माडांखालचं मालवण

लॅन्डसॅट उपग्रहाचे जुने फोटो २००८ पासून फुकट मिळतात. परवा आपल्या किनाऱ्याचे दोन फोटो शेजारी ठेवून पाहिले, १९८८ आणि २०२२ सालचे. २०२१ मध्ये सुरू झालेल्या चिपी विमानतळाची धावपट्टी सड्यावर लगेच दिसली. अडीच किलोमीटर, म्हणजे ३० मीटरचा एक असे सुमारे ८३ ठिपके. तारकर्ली-देवबाग मात्र तेव्हाही हिरवं, आताही हिरवंच! बरं वाटलं.

मग लक्षात आलं, आपली घरं माडांखाली. पडवीची खोली झाली, खोलीचं होम-स्टे झालं, तरी वरून झावळ्याच दिसणार. ३० मीटरच्या ठिपक्यात माड आणि घर वेगळं कळत नाही. हा इतिहास आपल्यालाच लिहून ठेवायला हवा. तुमच्या वाडीत १९८८ साली किती घरं होती, आठवतंय का कोणाला?