तीन वर्षं शिकलेली मुलगी

तुमचे पाय पुण्याच्या मातीला लागतात तेव्हा माघ संपत आलेला असतो. साल १८५५. बोरीबंदराहून ठाण्यापर्यंत आगगाडी धावू लागली त्याला दोन वर्षंही पुरी झालेली नाहीत, पुण्याने तर ती पाहिलेलीच नाही. मुंबईचं विद्यापीठ निघायला अजून दोन वर्षं आहेत. पेशवाई बुडाली त्याला सदतीस वर्षं झाली. म्हणजे तुमच्या पुढे काठी टेकत चाललेल्या म्हाताऱ्याने ती स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आहे.

लगेच शाळेकडे जाऊ नका. आधी वस्तीच्या कडेला वळा, जिथे वाखाचे दोर वळले जातात आणि केरसुण्या बांधल्या जातात. हा मांगवाडा. इथली छपरं वाकून आत जावं लागेल इतकी बुटकी आहेत, आणि काहींच्या डोक्यावर तेवढंही नाही. एका पडक्या भिंतीच्या आडोशाला एक बाई बाळंत होते आहे. वर आभाळ आहे, खाली ओली जमीन. पहाटेचं थंड वारं अंगावर घेत ती कळा सोसते आहे. याच वस्तीतल्या बाया गावात सुईणपण करतात, इतरांची लेकरं सुखरूप जगात आणतात. त्यांच्या स्वतःच्या बाळंतपणाला मात्र औषध नाही आणि वैद्यही नाही. तुम्हाला मान फिरवावीशी वाटेल. फिरवू नका, कारण थोड्याच वेळाने हेच तुम्ही शाईच्या अक्षरांत वाचणार आहात.

आता शाळेत या. जोतिबा फुले अजून अठ्ठावीसचे झालेले नाहीत, सावित्रीबाई चोवीसच्या आहेत. १८४८ साली भिडेवाड्यात मुलींची शाळा काढल्यावर ते दोघं तिथेच थांबले नाहीत, महार-मांगांच्या मुलांसाठीही त्यांनी वर्ग काढले. लहुजीबुवा मांग आणि राणबा महार घरोघर हिंडून आईबापांना समजावतात, तेव्हा कुठे पोरं शाळेत येतात. या कामात नुसती दया असती तर फुले दांपत्य वर्षभरात थकलं असतं. आत पाटीवर पेन्सिल घासल्याचा आवाज आहे आणि पाढ्यांचा गलका आहे. कोपऱ्यात चौदा वर्षांची एक मुलगी बोरू शाईत बुडवून निबंध लिहिते आहे. तिचं नाव मुक्ता. आडनाव साळवे, जात मांग. शाळेत येऊन तिला जेमतेम तीन वर्षं झाली आहेत.

तिच्या मागे उभे राहा आणि वाचा.

वेद ब्राह्मणांचेच, आम्ही ते पाहायचेही नाहीत, असं म्हणतात. मग आमचा धर्मग्रंथ कोणता, असं ती विचारते. ग्रंथच नसेल तर आम्हाला धर्मही नाही, आणि तसं असेल तर आमचा धर्म कोणता हे आता देवानेच सांगावं. तर्कात एकही फट नाही. पुढे ती पेशवे बाजीरावाच्या काळाकडे वळते. तालीमखान्यापुढून मांग-महार गेला तर त्याचं शिर कापून त्याचा चेंडू करत, तेल-शेंदूर पाजून माणसांना इमारतीच्या पायात पुरत. तो काठीवाला म्हातारा आठवतोय ना? मुक्ता ज्यांच्याकडून हे ऐकत मोठी झाली, ती माणसं त्याच्याच वयाची असणार. महारांनीही मांगांना हलकं लेखायला शिकून घेतलं, हेही ती लपवत नाही. आपल्यातलं उणं दाखवायलाही धाडस लागतं.

आणि मग ती बाळंतपणावर येते. आमच्या बायकांना घर नसतं, थंडीपावसात त्यांचे काय हाल होतात, याचा स्वतःच्या अनुभवावरून विचार करा, असं ती वाचणाऱ्याला बजावते.

इथे मला थांबायचंच आहे. मुलगी शिकली की घर सुधारतं, लेकरं शिकतात, गाव पुढे जातं, असं आपण शाळांच्या भिंतींवर लिहितो. ते खोटं नाही. पण त्यात शिकणाऱ्या मुलीचा हिशेब नेहमी दुसऱ्या कुणाच्या तरी फायद्याच्या खात्यात मांडलेला असतो. याच पुण्यात विद्वानांची वाण नव्हती. सरकारी दक्षिणा फंडातून त्यांच्या ग्रंथांना पैसे मिळत होते, व्याकरणावर वाद झडत होते. मांगवाड्यातल्या त्या आडोशामागे काय चाललं आहे हे लिहावं असं त्यांतल्या कुणाला सुचणार होतं? ज्याने ते पाहिलंच नाही, त्याला ते सुचत नाही. आणि जिने पाहिलं, सोसलं, तिच्या हाती अक्षर नसेल तर ते तिच्याबरोबर मातीत जातं. मुक्ताला बोरू मिळाला नसता तर ही हकिगत तिच्याऐवजी दुसऱ्या कुणी लिहिली असती, या भ्रमात राहू नका.

निबंधाच्या शेवटाकडे ती आपल्याच लोकांशी बोलते. तुम्ही आजारी आहात आणि ज्ञान हेच तुमचं औषध आहे, ते घ्या, असं चौदा वर्षांची पोर मोठ्या माणसांना सांगते.

‘ज्ञानोदय’ नियतकालिक हा निबंध दोन अंकांत छापतं, फेब्रुवारीत आणि मार्चमध्ये. त्याच वर्षी जोतिबा ‘तृतीय रत्न’ नाटक लिहितात. मुक्ताच्या नावावर मात्र पुढे दुसरं काही नाही, हा एकच निबंध आहे.

परतताना १९५१ मध्ये उतरा. मध्ये जवळजवळ शंभर वर्षं गेली आहेत, देश स्वतंत्र आहे, जनगणना नुकतीच झाली आहे. शंभर बायकांमध्ये नऊजणींनाही लिहिता-वाचता येत नाही. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या मतदारयाद्या तयार होत आहेत. उत्तरेत बिहार, राजस्थानकडे जा आणि यादी करणाऱ्या कारकुनाबरोबर दारोदार फिरा. बाई आतूनच सांगते, अमक्याची बायको लिहा, तमक्याची आई लिहा. स्वतःचं नाव परक्या पुरुषाला सांगायचं नसतं, असंच तिला शिकवलेलं आहे. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन नावाशिवाय नोंद मान्य करत नाहीत, आणि सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीतून गळतात. त्यांतली कुणी मूर्ख नव्हती. घर चालवणाऱ्या, शेत राखणाऱ्या बायका होत्या त्या.

छापील कागदावर आपलं नाव घालून मुक्ताने देवाला जाब विचारला, त्याला तेव्हा शहाण्णव वर्षं झाली होती.