भामरागड अभयारण्य

महाराष्ट्रातील एक दुर्गम वन्यजीव अभयारण्य. क्षेत्रफळ १०४.३८ चौ. किमी. ते गडचिरोली जिल्ह्याच्या भामरागड तालुक्यात, छत्तीसगड सीमेजवळ आहे. स्थापना १९९७. पामुलगौतम, पर्लकोटा व इंद्रावती या नद्यांचा संगम भामरागडजवळ होतो. पावसाळ्यात पर्लकोटेच्या पुरामुळे गावाचा संपर्क वारंवार तुटतो.

पानझडी जंगलात ऐन, मोह, तेंदू व बांबू आढळतात. प्राण्यांमध्ये बिबट्या, अस्वल, भेकर, नीलगाय, रानडुक्कर व उडती खार. पाणथळीवर व चिखलात लोळण्यावर अवलंबून असलेली रानम्हैस जिल्ह्याच्या दक्षिण भागात उरली असून तिच्यासाठी २०१३ मध्ये कोलामार्का संवर्धन राखीव क्षेत्र घोषित झाले. इंद्रावतीपलीकडे छत्तीसगडमधील इंद्रावती राष्ट्रीय उद्यान आहे.

येथील माडिया गोंड समाजाचे जीवन शेती, मासेमारी, मोहफुले व तेंदूपाने यांवर चालते. १९८० च्या दशकापासून नक्षलवादी चळवळ व सुरक्षा दले यांच्यातील संघर्षाची झळ गावांना बसली. रस्ते रखडले आणि वनखात्याची गस्त अवघड झाली. बाबा आमटे यांनी १९७३ मध्ये जवळच्या हेमलकसा येथे सुरू केलेला लोकबिरादरी प्रकल्प या काळातही दवाखाना, शाळा व जखमी वन्य प्राण्यांचे अनाथालय चालवीत राहिला. ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवादी नेता भूपती याने साठ सहकाऱ्यांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली.

भामरागडला आलापल्लीहून हेमलकसामार्गे रस्त्याने जाता येते. भेटीस हिवाळा सोयीचा.