क्लाउनफिशच्या त्वचेवरील खुणा

क्लाउनफिशच्या त्वचेवरील खुणा म्हणजे घरगुती प्रवाळ-मत्स्यालयात पाळलेल्या क्लाउनफिश माशांच्या अंगावर नेहमीच्या पट्ट्यांखेरीज दिसणारे डाग, ठिपके, चट्टे किंवा गाठी होत. यांपैकी काही खुणा जन्मजात व निरुपद्रवी असतात, काही समुद्रपुष्पांच्या किंवा प्रवाळांच्या दंशामुळे उमटतात, तर काही परजीवी रोगांची लक्षणे असतात. काही रोगांत मासा एक-दोन दिवसांतच दगावू शकतो. म्हणून दिसायला सारख्या वाटणाऱ्या खुणांमधील फरक वेळीच ओळखणे महत्त्वाचे ठरते.

नैसर्गिक रंगरचना

क्लाउनफिश हे पोमासेंट्रिडी कुलातील मासे असून त्यांच्या सुमारे ३० जाती ज्ञात आहेत. भारतात लक्षद्वीप, अंदमान व निकोबार बेटे आणि मन्नारचे आखात येथे त्यांच्या काही जाती आढळतात. मत्स्यालयांत प्रामुख्याने ओसेलॅरिस व पर्क्युला या जाती पाळल्या जातात. त्यांच्या नारिंगी अंगावर तीन पांढरे पट्टे असतात. पांढरा रंग प्रकाश परावर्तित करणाऱ्या पेशींमुळे, तर नारिंगी व काळा रंग रंजकपेशींमुळे दिसतो.

डिंभाचे रूपांतरण होत असताना हे पट्टे डोक्याकडून शेपटीकडे क्रमाने उमटतात. या प्रक्रियेवर थायरॉइड संप्रेरकांचे नियंत्रण असते. पापुआ न्यू गिनीतील किंबे उपसागरातील पर्क्युला पिलांवरील संशोधन २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या समुद्रपुष्पाच्या आश्रयाने पिलू वाढते, त्याच्या जातीनुसार पट्टे लवकर किंवा उशिरा उमटतात, असे त्यात आढळले. पर्क्युला माशाच्या पट्ट्यांच्या कडेचा काळा रंग वयानुसार वाढतो.

कृत्रिम पैदाशीतील काही माशांचे पट्टे अपुरे, तुटक किंवा वेडेवाकडे असतात. ‘स्नोफ्लेक’, ‘पिकासो’ व ‘प्लॅटिनम’ हे प्रकार अशाच वेगळ्या रंगरचनांच्या निवडक पैदाशीतून जोपासले गेले आहेत. अशा खुणा लहानपणापासून असतात आणि त्यांच्यामुळे त्वचेचा पोत बदलत नाही.

दंशामुळे उमटणारे काळे डाग

पूर्वी निरोगी असलेल्या माशाच्या अंगावर अचानक काळसर, धुरकट डाग दिसू लागले, तर त्याने नवा आश्रय शोधला आहे का, हे प्रथम पाहिले जाते. समुद्रपुष्पांच्या व प्रवाळांच्या स्पर्शकांवर दंशपेशी असतात. क्लाउनफिशच्या अंगावरील श्लेष्माचा थर त्यांपासून त्याचे रक्षण करतो; मात्र अपरिचित यजमानाशी जुळवून घेताना दंश होऊ शकतो व त्या जागी काळे रंजकद्रव्य वाढते. समुद्रपुष्प नसलेल्या टाकीत मासा युफिलियासारख्या लांब स्पर्शकांच्या प्रवाळात राहू लागल्यावरही असे डाग दिसतात.

हे डाग सपाट असतात व मुख्यतः यजमानाला घासल्या जाणाऱ्या भागांवर उमटतात. मासा नेहमीप्रमाणे खातो व पोहतो. बहुधा काही दिवसांत किंवा आठवड्यांत डाग आपोआप फिकट होतात. त्यांवर औषधाची गरज नसते.

रोगजन्य खुणा

सागरी इक : क्रिप्टोकॅरियॉन इरिटन्स या परजीवीमुळे मिठाच्या कणांसारखे, सुटे व किंचित उंचवट्याचे पांढरे ठिपके येतात. परजीवी अंगावरून गळून तळाशी कोष तयार करतो, त्यामुळे ठिपके नाहीसे झाले म्हणजे रोग बरा झाला असे नव्हे.

व्हेल्व्हेट : ॲमिलोऊडिनियम ओसेलॅटम या परजीवीमुळे अंगावर पिठाची किंवा सोनेरी धुळीची पूड पसरल्यासारखी दिसते. कल्ल्यांना आधी बाधा होत असल्याने खुणा दिसण्यापूर्वीच श्वसन जलद होते.

ब्रुकलिनेला : हा रोग क्लाउनफिशमध्ये विशेष आढळतो. ब्रुकलिनेला हॉस्टिलिस या परजीवीमुळे अंगावर फिकट चट्टे पडतात, श्लेष्माचे पापुद्रे सुटतात, मासा खाणे सोडतो व पृष्ठभागाजवळ धापा टाकतो. हा परजीवी माशाच्या अंगावरच विभाजनाने वाढत असल्याने रोग फार वेगाने बळावतो.

लिंफोसिस्टिस : या विषाणुजन्य रोगात परांवर व त्वचेवर फुलकोबीसारख्या पांढरट गाठी येतात. तो क्वचितच प्राणघातक असतो. पाण्याची गुणवत्ता व आहार सुधारल्यास गाठी बहुधा कालांतराने जातात.

निदान व उपाय

केवळ रंगावरून निदान करता येत नाही. खूण सपाट आहे की उंच, ती किती वेगाने पसरते, श्वसनाचा वेग आणि मासा अन्न घेतो की नाही, या बाबी एकत्रितपणे पाहाव्या लागतात. टॉर्चच्या तिरप्या प्रकाशात ठिपके व धुळीसारखा थर अधिक स्पष्ट दिसतात. खात्रीसाठी श्लेष्माचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात.

रोगाची शंका आल्यास माशाला वेगळ्या टाकीत हलवून उपचार केले जातात. इक व व्हेल्व्हेटवर तांब्याची औषधे वापरतात. ब्रुकलिनेलावर ती निष्प्रभ ठरतात व तेथे फॉर्मेलिन वापरले जाते. फॉर्मेलिन विषारी असल्याने मात्रेबाबत काटेकोरपणा आवश्यक असतो. तांब्याची औषधे प्रवाळ-मत्स्यालयात टाकल्यास प्रवाळ, समुद्रपुष्पे व कोळंबी यांसारखे अपृष्ठवंशी प्राणी मरतात. उलटपक्षी, दंशाच्या डागांना रोग समजून औषध दिल्यास निरोगी माशावर विनाकारण ताण येतो. नवीन मासे काही आठवडे विलगीकरणात ठेवणे हा सर्वांत परिणामकारक प्रतिबंधक उपाय मानला जातो.

हे सुद्धा पहा

समुद्रपुष्प
प्रवाळ
मत्स्यालय