प्रेझ्मेर : तटात राहिलेलं गाव

रोमानियातल्या ब्राशोव्ह शहराजवळच्या प्रेझ्मेर गावात चर्चला वेढणारा तट सुमारे 12 मीटर उंच आहे, आणि काही ठिकाणी 4 मीटरहून जाड. जर्मन भाषक सॅक्सन वसाहतकऱ्यांचं हे गाव, जर्मनमधलं नाव टार्टलाऊ. इथे किल्ला बांधला तो कुणा राजाने किंवा सरदाराने नाही, गावाने बांधला. म्हणूनच ट्रान्सिल्व्हेनियातल्या तटबंद चर्चांमध्ये मला हे सगळ्यांत मोलाचं वाटतं.

1211 मध्ये हंगेरीचा राजा अँड्र्यू दुसरा याने सरहद्दीचा हा मुलूख ट्यूटॉनिक सरदारांच्या, म्हणजे जर्मन लढवय्या धर्मसंघाच्या, हवाली केला. चर्चचा पाया त्यांच्याच अमलात घातला गेला, असं मानतात. ते स्वतंत्र राज्याची भाषा करू लागले तेव्हा 1225 मध्ये राजाने त्यांना हुसकून लावलं. 1240 मध्ये हंगेरीचा पुढचा राजा बेला चौथा याने या भागातली काही चर्चेस सिस्टर्शियन साधूंना दिली, त्यांत प्रेझ्मेरही होतं. या साधूंच्या साध्या, टोकदार कमानींच्या गॉथिक शैलीची छाप आजही दिसते. मूळ आराखडा क्रुसाचा, चारही बाहू जवळपास सारख्या लांबीचे, मध्यावर अष्टकोनी मनोरा. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला पश्चिमेचा बाहू लांबवला आणि त्यावर जाळीदार छत चढवलं. छत देखणं आहे, पण त्यापायी मूळचा तोल गेला तो गेलाच.

तुर्कांची फौज 1421 मध्ये या मुलखात घुसली. ब्राशोव्हची लूट झाली. त्यानंतर प्रेझ्मेरकरांनी तटाचं काम हाती घेतलं आणि पिढ्यान्‌पिढ्या वाढवत नेलं. बाहेर पाण्याचा खंदक, आत शिरायला कमानीखालची लांब, अंधारी वाट, तिच्यावर वरून खाली सोडायचा जाड दरवाजा. तटाच्या माथ्याशी आतून फिरणारी फांजी आणि तिच्यात जंग्या.

खरं नवल मात्र तटाच्या आतल्या अंगाला आहे. तिथे चार मजल्यांवर पावणेतीनशेच्या आसपास खोल्या एकीला एक लागून बांधल्या आहेत. लाकडी जिने, लाकडी सज्जे, प्रत्येक दारावर नंबर. कुठल्या कुटुंबाची खोली कुठली, हे ठरलेलं. वेढा पडला की ज्याने त्याने आपल्या खोलीत जायचं, कुणाला जागा शोधत फिरायची पाळी नाही. एरवी याच खोल्या कोठार म्हणून वापरात, धान्य आणि खारवलेलं मांस इथेच राही. त्यामुळे अचानक हल्ला झाला तरी शिधा आधीच तटात असे. एका खोलीत शाळाही भरे. वेढ्यातसुद्धा मुलांचे धडे चुकू नयेत, इतका पुढचा विचार गावाने केला होता. गावावर पन्नासेक हल्ले झाले, असं सांगतात. तट पडला तो एकदाच, 1611 मध्ये ट्रान्सिल्व्हेनियाचा राजा-सरदार गॅब्रिएल बाथोरी याच्या हाती.

सोळाव्या शतकाच्या मध्याला धर्मसुधारणेची लाट आली आणि सॅक्सन गावांबरोबर हे चर्चही ल्यूथरपंथी झालं. पंधराव्या शतकातली, येशूच्या यातनांची चित्रं असलेली तीन फळ्यांची वेदी मात्र टिकली. 1960च्या दशकात चर्चचा आणि तटाचा मोठा जीर्णोद्धार झाला आणि 1999 मध्ये जागतिक वारशाच्या यादीत प्रेझ्मेरचं नाव आलं.

पण तोवर गाव पांगलं होतं. 1989 मध्ये साम्यवादी राजवट कोसळल्यानंतर ट्रान्सिल्व्हेनियातले बहुतेक सॅक्सन जर्मनीला गेले. प्रेझ्मेरच्या खोल्यांमध्ये आता जुनी अवजारं आणि घरगुती वस्तू मांडल्या आहेत, तिकीट काढून येणारे लोक त्या पाहतात, आणि त्या पैशाचा देखभालीला हातभार लागतो. सगळ्याच गावांच्या वाट्याला हे येत नाही. याच मुलखातल्या रोटबाव्ह गावातल्या चर्चचा मनोरा फेब्रुवारी 2016 मध्ये कोसळला, आणि त्याच महिन्यात रोआदेशचाही. छतात मुरणारं पाणी वेळीच पाहायला रोज चर्चमध्ये येणारी माणसं लागतात, आणि त्या गावांमध्ये ती उरलेली नाहीत.