दोन यमुना

मंडळी, गेल्या महिन्यात दोन जुन्या कादंबऱ्या लागोपाठ वाचल्या. इतिहासाचा विषय आहे, पण मत मात्र एका वाचकाचं आहे, एवढं धरून चाला.

पहिली बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन', 1857 सालची. हिंदू विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा आदल्याच वर्षी झालेला. यमुना नवऱ्याबरोबर प्रवासाला निघते आणि वाटेत विधवांच्या कहाण्या तिच्या कानावर येत राहतात. खरं सांगू? कादंबरी म्हणून मी कंटाळलो. माणसं बोलत नाहीत, वाद घालतात. पुढे यमुना स्वतः विधवा होते, ख्रिस्ती होते, पुन्हा लग्न करते. पदमनजी स्वतः धर्मांतर केलेले, त्यामुळे शेवट आधीच ठरवलेला वाटतो. त्या कहाण्या मात्र इतिहासाच्या अभ्यासकाने सोडू नयेत.

दुसरी हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो'. 1890 मध्ये सुरू झालेल्या 'करमणूक' साप्ताहिकातून ती क्रमशः आली. इथेही नायिका यमूच! पण ही पर्यटनाला जात नाही. माहेर, सासर आणि मुंबईचं बिऱ्हाड, एवढंच तिचं जग, आणि गोष्ट सांगते ती स्वतः. मुंबईतले ते थोडे सुखाचे दिवस वाचताना आपणही सैलावतो. मग नवरा जातो, आणि तिचं जबरदस्तीने केशवपन होतं. तिथे मी पुस्तक मिटलं, दुसऱ्या दिवशी उघडलं. कायदा होऊन तोवर तीसेक वर्षं उलटली होती. यमूच्या माजघरात तो पोचलाच नव्हता.

हळब्यांच्या 'मुक्तामाला'बद्दलही बोलायचं होतं, पण घड्याळ दाखवताहेत.