तूर, स्पेक्टर आणि पाटीलबावा

परवा दसऱ्याला गावी गेलो होतो. गाव म्हणजे राणीसावरगाव, तालुका गंगाखेड, जिल्हा परभणी. पुण्यातल्या ऑफिसात दर वेळी एवढा सगळा पत्ता सांगावा लागतो, म्हणून इथेही सांगून टाकतो. रेणुकादेवीचं दर्शन झालं, पुरणपोळी झाली आणि दुपारी ओसरीवर आडवा झालो, तेवढ्यात चुलतभाऊ लॅपटॉप घेऊन आला. अकरावीला आहे पठ्ठ्या. मोबाईलचं नेट लॅपटॉपला जोडून डोटा खेळतो.

"भैय्या, असा हिरो सांग की जो शेवटी एकटाच सगळ्यांना मारतो."

मी म्हटलं, स्पेक्टर घे. स्वारी खूश. पंधराव्या मिनिटापर्यंत पाच वेळा मेला आणि माझ्याकडे असा बघायला लागला, जणू मीच त्याला मारलं होतं.

"हा तर काहीच कामाचा नाही की!"

ओसरीच्या दुसऱ्या टोकाला अण्णा पेपर वाचत होते. काय कामाचं नाही म्हणून त्यांनी विचारलं. मी समजावलं, की हा हिरो सुरुवातीला अगदी दुबळा असतो, बाकीच्यांनी त्याला सांभाळायचं असतं, मग चाळीसाव्या मिनिटाला तो कुणाला ऐकत नाही. अण्णांनी पेपरातून मान वर न काढता म्हटलं,

"म्हणजे तूर."

च्यायला! इतकी वर्षं हा खेळ खेळतोय, पण एका शब्दात असं कधी सांगता आलं नाही.

ज्यांच्या घरी शेती नाही त्यांच्यासाठी: आमच्या भागात सोयाबीन आणि तूर एकाच रानात पेरतात. सोयाबीनच्या चार ओळी, तुरीच्या दोन. सोयाबीन शंभर-एक दिवसांत हातात येतं, दसरा-दिवाळीचा खर्च त्यावर निघतो. तूर पहिले दीड-दोन महिने वाढतच नाही म्हटलं तरी चालेल. सोयाबीनच्या मधे मान खाली घालून उभी. पण आतल्या आत मूळ खोल सोडत असते. सोयाबीन निघालं की मोकळ्या रानात ती अशी फुटते की डिसेंबर-जानेवारीत माणूस आत शिरला तर दिसत नाही. अर्थात मधल्या काळात पाऊस दगा देऊ शकतो, मर रोग येऊ शकतो. नुसत्या तुरीवर घर चालवणाऱ्याचे चार महिने कसे जातात ते त्यालाच माहीत.

आता डोटा. पाच विरुद्ध पाच, तीन वाटा, दोन्हीकडे एकेक मुख्य इमारत. ती पाडली की खेळ संपला. घड्याळ लावलेलं नाही, गुणांवर निकाल नाही. लेट हिरोचा जन्म होतो तो या एका नियमातून. इमारत उभी आहे तोवर हरलेला डावही संपलेला नसतो. दुसरा नियम पैशाचा. दर तीस सेकंदांनी दोन्हीकडून छोटे सैनिक निघतात, आणि ज्याचा घाव शेवटचा त्याला सोनं. म्हणजे एका वाटेवर दोन मित्र उभे असले तरी एका सैनिकाचं सोनं एकालाच मिळणार. म्हणून टीममध्ये एक ते पाच असे नंबर लावतात. एक नंबरचा आधी खाणार, पाच नंबरचा उरलंसुरलं. या एक नंबरला म्हणतात कॅरी, शेवटी सगळ्यांना खांद्यावर वाहून नेणारा. गंमत अशी की पहिला अर्धा तास बाकीचे चौघे त्यालाच वाहत असतात.

थोडा इतिहास. या जातीचा खेळ कुठल्या कंपनीने ठरवून काढलेला नाही. स्टारक्राफ्टमध्ये हौशी लोकांनी 'इऑन ऑफ स्ट्राइफ' नावाचा नकाशा बनवला होता. ती कल्पना उचलून 'यूल' टोपणनावाच्या एकाने २००३ मध्ये वॉरक्राफ्ट तीनवर डोटा केला. पुढे त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या, त्यातली 'ऑलस्टार्स' टिकली. ती गिन्सूने वाढवली आणि २००५ पासून आइसफ्रॉगच्या हातात आली. हा आइसफ्रॉग म्हणजे अजब माणूस. जगभर त्याचा खेळ खेळला जातो आणि तो स्वतः कधी समोर येत नाही. वर्षानुवर्षं तो आकडे हलवतोय. याचं सोनं कमी कर, त्याचं अस्त्र महाग कर. आमच्या भाषेत सांगायचं तर न संपणारं मेंटेनन्स प्रोजेक्ट!

आणि या मेंटेनन्सचा अर्धा इतिहास एकाच प्रश्नाचा आहे: वाट बघणाऱ्याला किती बक्षीस द्यायचं? जास्त दिलं तर सगळे वाटच बघत बसतात, खेळ कंटाळवाणा. कमी दिलं तर जो आधी धडकला तो जिंकला. २०१४ च्या सिएटलच्या 'इंटरनॅशनल'मध्ये नेमकं हेच झालं. न्यूबी आणि व्हिची गेमिंग असा अंतिम सामना, दोन्ही संघ चिनी. बक्षिसाची एकूण रक्कम एक कोटी डॉलरच्या वर. पण त्या दिवसांत पाचही जणांनी एकत्र चालून जायचं तंत्र इतकं पक्कं झालं होतं, की काही डाव वीस-पंचवीस मिनिटांच्या आतच आटोपले. तुरीला फूल यायच्या आत रान नांगरून टाकल्यासारखं. त्याच सप्टेंबरात ६.८२ ही आवृत्ती आली. मागे पडलेल्या संघाने पुढच्याला मारलं तर भरपूर जादा सोनं! ते इतकं जास्त झालं की लगेच कमी करावं लागलं.

उलट टोक २०१८ चं. व्हँकुव्हरला ओजी नावाचा संघ खुल्या पात्रता फेरीतून वर आला. स्पर्धेच्या आधी काही महिने त्यांचे निम्मे खेळाडू सोडून गेलेले. त्यांचा एक नंबर अना, वय अठरा. अंतिम सामन्यात चीनच्या पीएसजी एलजीडीकडे २-१ अशी आघाडी, चौथा डावही जातोय असं वाटत असताना ओजीने तो फिरवला, आणि मग पाचवाही घेतला. पुढच्या वर्षी पुन्हा तेच विजेते. लोकांना अना आठवतो. तो डाव लांबावा म्हणून मरत राहिलेले बाकीचे चौघे किती जणांना आठवतात?

मी हे इतक्या कळवळ्याने लिहितोय कारण हॉस्टेलवर मी चार वर्षं पाच नंबर होतो. :) नांदेडला इंजिनिअरिंगला असताना आमच्या मजल्यावर रात्री अकरानंतर डोटा चालायचा. त्या वेळी वॉर्ड विकत घ्यावे लागायचे, म्हणजे शत्रू कुठून येतोय ते दिसावं म्हणून नकाशावर लावायचे डोळे. ते पाच नंबरच्या पैशातून. बूट घ्यायला पैसे नसायचे, पण वॉर्ड लावले नाहीत तर आईबहिणीचा उद्धार! एकदा दुसऱ्या हॉस्टेलशी पैजेचा सामना ठरला, हरेल त्याने सगळ्यांना बिर्याणी. तर आमच्या पाचही जणांनी लेट हिरो घेतले. प्रत्येकाला शेवटचा वीर व्हायचं होतं, मला पण. बाविसाव्या मिनिटाला खेळ खलास. बिर्याणीचं बिल मेसच्या पैशातून गेलं आणि तो महिना आम्ही मॅगीवर काढला.

एप्रिल २०१९ मध्ये मुंबईत वरळीच्या एनएससीआय डोममध्ये 'ईएसएल वन' झाली. भारतात एवढी मोठी डोटा स्पर्धा त्याआधी झाली नव्हती. आम्ही तिघं देवगिरीने रात्रभर बसून गेलो. हजारो पोरं एका लास्ट हिटवर ओरडताना बघून भरून आलं होतं. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमला राष्ट्रकुल ई-स्पोर्ट्स स्पर्धेत भारताच्या डोटा संघाला कांस्यपदक मिळालं, तेव्हा घरी सांगितलं तर आई म्हणाली, "बरं झालं. जेवलास का?"

असो. विषयांतर झालं. आपल्या इतिहासात लेट हिरो कोण, असं मला विचाराल तर मी डोळे मिटून महादजी शिंदे म्हणेन. पाटीलबावा!

सुरुवात बघा. १७६० च्या जानेवारीत बुराडी घाटावर दत्ताजी पडले. १७६१ ला पानिपतानंतर जनकोजी मारले गेले. महादजींच्या पायावर घाव बसला तो जन्मभर लंगडं करून गेला. एका राणेखान नावाच्या भिश्त्याने त्यांना उचलून दक्षिणेत आणलं असं सांगतात. म्हणजे अगदी पाच नंबरचा माणूस, ज्याचं काम पाणी वाहायचं. नंतर सरदारकीसाठीच सात वर्षं झगडावं लागलं, ती मिळाली १७६८ मध्ये. पानिपतावर खेळ संपला असं ज्यांना वाटलं होतं त्यांनी इमारत उभी आहे हे बघितलंच नव्हतं. १७७१ मध्ये मराठी फौजा पुन्हा दिल्लीत होत्या.

पण महादजींचं खरं मोठेपण मला त्यांच्या पुढच्या वीस वर्षांत दिसतं. १७७९ ला वडगावात इंग्रजांना शरण यायला लावण्यात त्यांचा मोठा वाटा होता. दोनच वर्षांत त्याच इंग्रजांकडून माळव्यात सिप्रीला मार खाल्ला. १७८२ चा सालबाईचा तह त्यांच्या मध्यस्थीने झाला, आणि मग त्यांनी शांतपणे फार्मिंग सुरू केलं. १७८४ मध्ये द बॉयन या फ्रेंच भाषिक अधिकाऱ्याला ठेवून दोन पलटणी उभ्या केल्या. त्याच वर्षी बादशहाकडून वकील-इ-मुतलकपद. मग १७८७ ला लालसोट. पगार थकलेले हिंदुस्थानी शिपाई सरळ शत्रूकडे निघून गेले, पाटीलबावांना माघार घ्यावी लागली, पुण्याहून कुमक यायला वेळ लागला. इथे कुणीही जीजी लिहून बाहेर पडला असता.

त्यांनी काय केलं? लालसोटचा बग दुरुस्त केला. द बॉयनला अलीगढकडचा मुलूखच लावून दिला. फौजेचा पगार त्या मुलखाच्या वसुलातून, तोही वेळेवर. तो भिश्ती राणेखान एव्हाना त्यांचा 'भाई' आणि मोठा सेनानी झाला होता. १७८८ मध्ये दिल्ली परत घेताना तो पुढे होता. १७९० च्या जूनमध्ये पाटण, सप्टेंबरमध्ये मेडता. राजपुतान्यात समोर उभं राहायला कुणी उरलं नाही. म्हणजे पानिपतानंतर एकोणतीस वर्षांनी. १२ फेब्रुवारी १७९४ ला वानवडीला ते गेले. तिथली छत्री माझ्या ऑफिसपासून फार लांब नाही, पण पुण्यात आल्यावर पहिली तीन वर्षं मी तिकडे फिरकलोही नव्हतो.

आता तुम्ही म्हणाल, लेट हिरो घेतला की जिंकलो का? नाही ना. सगळं सोनं एकाच जागी घातलं की ती जागा गेली तर सगळं गेलं. दौलतरावांच्या हातात हीच कवायती फौज आली. द बॉयन निघून गेला, त्याच्या जागी पेराँ आला. १८०३ मध्ये युद्ध पेटलं तसे अनेक इंग्रज अधिकारी नोकरी सोडून गेले, पेराँ स्वतः इंग्रजांकडे गेला. २३ सप्टेंबरला आमच्या मराठवाड्यातल्याच असईला पलटणी लढल्या, चांगल्या लढल्या, पण हरल्या. फौज तीच होती. ती कुणामुळे उभी आहे याचा हिशेब ठेवणारा माणूस नव्हता.

थोडक्यात, लेट हिरो ही एका माणसाची निवड नसतेच. ते चौघांनी काढलेलं कर्ज असतं. लालसोटनंतर पाटीलबावांना ते कळलं असावं. मला मात्र परवापर्यंत कळलं नव्हतं.

त्याचं असं झालं. अण्णांनी 'म्हणजे तूर' म्हटल्यावर सगळे हसलो. ताई माहेरपणाला आली होती, ती आतून चहा घेऊन आली आणि सहज म्हणाली, "मग आपल्या घरची तूर कोण, ते सांगायला पाहिजे का?"

ती दोन वर्षांनी मोठी. ती बारावी झाली त्याच वर्षी मी दहावी झालो. तिला परभणीला बी.एस्सी. करायची होती, मला लातूरला अकरावीला जायचं होतं. तुम्हाला लातूरचं माहीत असेलच, क्लास, खोली, मेस. दोघांचं एकदम होणार नव्हतं. मी लातूरला गेलो. ती घरून येऊन-जाऊन गंगाखेडला बी.ए. झाली. घरात यावर कधी मीटिंग झाली नाही. एक नंबर कोण आणि पाच नंबर कोण, ते ठरलेलंच होतं. हॉस्टेलवर वॉर्डाच्या पैशावरून मी चार वर्षं बोंबलत होतो, आणि घरी मात्र मी स्पेक्टर होतो!

ताई तसं रागाने म्हणाली नव्हती. म्हणूनच जास्त लागलं.

गावातून निघायच्या आदल्या दिवशी तिला म्हटलं, बी.एड. करायचं म्हणत होतीस ना, फी मी भरतो. तिने थोडा वेळ विचार केला आणि म्हणाली, "अर्धी भर. अर्धी माझ्याकडं आहे."

चुलतभावाने रात्री पुन्हा विचारलं, "भैय्या, मग स्पेक्टर घेऊ का नको?" मी म्हटलं, घे की. पण आधी विचार, वॉर्ड कोण लावणार आहे.

तो म्हणाला, "तू लाव." मग बसलो दोघं दीड वाजेपर्यंत. हरलो. :)