संदेश रांग

संदेश रांग (मेसेज क्यू) ही एका संगणक प्रणालीने पाठवलेले संदेश दुसरी प्रणाली ते स्वीकारेपर्यंत साठवून ठेवणारी व्यवस्था होय. त्यामुळे प्रेषक आणि प्राप्तकर्ता एकाच वेळी कार्यरत असणे आवश्यक नसते. रांग सांभाळणाऱ्या मध्यस्थ सॉफ्टवेअरला ब्रोकर म्हणतात.

नेटवर्क प्रोटोकॉलशी संबंध

संदेश रांग उपयोजन स्तरावर काम करते. आयपी हा प्रोटोकॉल डेटाची पाकिटे योग्य यंत्राकडे नेतो, तर टीसीपी हरवलेली पाकिटे पुन्हा पाठवून क्रम राखतो. मात्र टीसीपीला केवळ बाइटचा प्रवाह कळतो. एक संदेश कोठे संपतो, हे वरच्या स्तरावरील प्रोटोकॉल ठरवतो. एएमक्यूपी आणि एमक्यूटीटी हे असे प्रोटोकॉल असून ते सामान्यतः टीसीपीवर अनुक्रमे ५६७२ आणि १८८३ हे पोर्ट वापरतात.

दोन स्तरांवरील पोच

समजा, कोल्हापूरच्या मार्केट यार्डातील गुळाच्या सौद्याची नोंद मुंबईतील सर्व्हरकडे पाठवली. सर्व्हरच्या ऑपरेटिंग सिस्टीमला बाइट मिळताच टीसीपीची पोच परत येते. नोंद डेटाबेसमध्ये लिहिण्यापूर्वीच तेथील प्रोग्राम बंद पडला, तर पोच मिळूनही नोंद हरवते. संदेश रांगेत ब्रोकर टिकाऊ संदेश डिस्कवर लिहितो आणि प्रोग्रामने काम पूर्ण करून स्वतंत्र पोच दिल्यावरच तो रांगेतून काढतो. ही पोच वाटेत हरवल्यास तोच संदेश पुन्हा दिला जातो. म्हणून एकच सौदा दोनदा नोंदला जाऊ नये, यासाठी प्रत्येक संदेशाला विशिष्ट क्रमांक देऊन तो तपासावा लागतो.

इतिहास

मुंबईत जन्मलेले विवेक रणदिवे यांच्या टेक्नेक्रॉन सॉफ्टवेअर सिस्टिम्स या कंपनीने १९८०च्या दशकात वॉल स्ट्रीटवरील व्यवहारांसाठी ‘द इन्फर्मेशन बस’ ही संदेशप्रणाली विकसित केली. तिच्या परंपरेतील ‘टिब्को रॉन्देव्हू’ यूडीपी वापरते. यूडीपी पाकीट पोहोचण्याची हमी देत नाही. परंतु एकच पाकीट एकाच वेळी अनेक यंत्रांना पाठवता येते. हरवलेला मजकूर पुन्हा मागवण्याचे काम रॉन्देव्हू स्वतः करते.

आयबीएमचे एमक्यूसिरीज १९९३ मध्ये आले. उपग्रहामार्फत तेलवाहिन्यांवर देखरेख ठेवण्यासाठी १९९९ मध्ये एमक्यूटीटी तयार झाला. जेपी मॉर्गन चेस या बँकेत २००३ मध्ये सुरू झालेल्या एएमक्यूपीच्या १.० आवृत्तीला २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला.